सेंट हेलेना येथील एका वृक्षवंशाचा उच्छेद : साक्षीपुराव्याचें परीक्षण

राजवंशाचा उच्छेद केव्हां व कोणाच्या हातून झाला याचा निर्णय करतांना इतिहाससंशोधक मूळ कागद मागतो, सांगणारा प्रत्यक्षदर्शी होता कीं ऐकीव सांगत होता हें पाहतो, आणि एकाच गोष्टीचीं दोन सालें आढळलीं तर त्यांचा विचार केल्यावांचून पुढें जात नाहीं. वृक्षवंशाच्या उच्छेदाचा इतिहास लिहितांना मात्र ही दक्षता बहुधा सुटते. तो विषय सृष्टिशास्त्रज्ञांचा म्हणून इतिहासकार त्याकडे फिरकत नाहीं. आणि सृष्टिशास्त्रज्ञ मागील शतकांविषयीं लिहूं लागला म्हणजे दप्तरांची छाननी हें आपलें काम नव्हे असें मानतो. दोघांनींही सोडून दिलेल्या या जागेंत एक प्रसिद्ध कथा फार दिवस सुखानें नांदत आहे. सेंट हेलेना बेटावरील अरण्य शेळ्यांनीं खाल्लें, ही ती कथा होय. तिची परीक्षा करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

परीक्षेसाठीं आम्हीं त्या बेटावरील एकच वृक्ष घेतों. कारण अरण्य म्हटलें कीं आरोप मोघम होतो, आणि मोघम आरोपाचा निवाडा होत नाहीं. सेंट हेलेना हें दक्षिण अटलांटिक महासागरांतील ज्वालामुखीपासून बनलेलें बेट असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें १२२ चौरस किलोमीटर आहे. आफ्रिकेचा किनारा तेथून सुमारें १९०० किलोमीटर दूर पडतो. नेपोलियनच्या बंदिवासामुळें त्याचें नांव आपल्याकडे शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. इ. स. १५०२ मध्यें हिंदुस्थानांतून परतणाऱ्या पोर्तुगीज तांड्यास तें सांपडलें, तेव्हां तेथें मनुष्यवस्ती नव्हती. बेटाच्या मध्यभागीं डोंगराचा एक उंच कणा आहे. त्यावरील डायना शिखराची उंची सुमारें ८२० मीटर भरते. या कण्यावरील ओलसर, ढगाळ हवेंत एक लहानसा वृक्ष वाढत असे. साल गर्द तपकिरी, पानें मागें वळलेलीं व खालच्या अंगास फिकट लव असलेलीं, फुलें बारीक व गुलाबी, फळ कठीण बोंडासारखें. तेथील लोक त्यास 'ऑलिव्ह' म्हणत. पण खऱ्या ऑलिव्हशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. ज्या कुलांत आपल्याकडील बोर मोडते त्याच कुलांतला तो होता.

या वृक्षाचें नांव प्रथम शास्त्रांत घातलें तें हिंदुस्थानच्या वनस्पतींवर आयुष्य वेंचलेल्या विल्यम रॉक्सबर्गनें. कलकत्त्याच्या कंपनीच्या उद्यानाचा हा प्रमुख १८१३-१४ मध्यें सेंट हेलेना येथें राहिला, आणि त्यानें तेथील वनस्पतींची केलेली वर्णानुक्रमी यादी १८१६ मध्यें छापली गेली. रॉक्सबर्गनें हा वृक्ष 'फायलिका' गणांत घातला होता. पुढें १८६२ मध्यें जोसेफ हूकरनें त्यास वेगळें काढून त्याचा 'नेसिओटा' हा स्वतंत्र गण केला. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ बेटवासी असा होतो. त्या गणांत दुसरी जाति नव्हती. म्हणजे हा वृक्ष जातां एक जातिच गेली असें नव्हे, तर एक गणच निर्वंश झाला.

आतां साक्षीदारांकडे वळूं. शेळ्यांच्या कथेचे दोन थोर पुरस्कर्ते म्हणजे चार्ल्स डार्विन व आल्फ्रेड वॉलेस. डार्विन १८३६ च्या जुलैमध्यें 'बीगल' जहाजावरून या बेटावर उतरला. त्याच्या प्रवासवृत्ताप्रमाणें शेळ्या १५०२ मध्यें आल्या, कॅव्हेंडिशच्या वेळीं, म्हणजे १५८८ मध्यें, त्या अतोनात वाढलेल्या होत्या, आणि अनर्थ पुरा होऊन चुकल्यावर १७३१ मध्यें मोकाट जनावरें मारण्याचा हुकूम सुटला. वॉलेसनें १८८० मध्यें 'आयलंड लाइफ' हा आपला द्वीपसृष्टीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत तो शेळ्यांच्या आगमनाचें साल १५१३ देतो. नाशाचें पहिलें कारण शेळ्या व त्यांस मनुष्याच्या उधळेपणाची मदत झाली, असा त्याचा क्रम आहे.

पहिली गोष्ट ही कीं, या दोघांपैकीं कोणीही मूळ दप्तर पाहिलेलें नाहीं. डार्विनचा आधार बीटसन; वॉलेसचा आधार मेलिस. अलेक्झांडर बीटसन हा १८०८ ते १८१३ पर्यंत बेटाचा गव्हर्नर होता. टिपू सुलतानाशीं झालेल्या शेवटच्या युद्धाचा वृत्तांत लिहिणारा तो हाच. म्हणून आमच्या वाचकांस तो अपरिचित नसावा. बेटाच्या कागदांतील उतारे त्यानें १८१६ च्या आपल्या पुस्तकांत छापले, आणि रॉक्सबर्गची वर उल्लेखिलेली यादीही त्याच पुस्तकास जोडलेली आहे. त्याची विश्वसनीयता आम्ही नाकारीत नाहीं. तथापि तो शेतीसुधारणेचा व वृक्षलागवडीचा कैवारी होता, आणि मोकाट शेळ्या हा त्याच्या योजनांच्या वाटेंतील प्रत्यक्ष अडथळा होता, हें विसरतां येत नाहीं. वादीनें निवडून दाखल केलेले कागद खरे असूं शकतात, परंतु ते सगळे कागद नव्हेत. जॉन चार्ल्स मेलिस हा बेटावरच काम केलेला सरकारी स्थापत्यज्ञ. त्याचा मोठा ग्रंथ १८७५ चा. त्याची योग्यता अधिक, कारण तो झाडें स्वतः मोजतो. त्याची ही मोजणी पुढें आम्हांस उपयोगी पडणार आहे.

दुसरी गोष्ट सालांची. १५०२ व १५१३ यांत अकरा वर्षांचें अंतर आहे. अरण्याच्या आयुष्यांत अकरा वर्षें म्हणजे कांहीं नव्हे; पण इतक्या थोर दोन लेखकांस आरोपीच्या आगमनाचें सालही एकमतानें सांगतां येत नाहीं, ही गोष्ट साक्षीचें वजन ठरवितांना हिशेबांत घ्यावीच लागेल. १५१३ च्या सुमारास बेटाच्या इतिहासांत एक मनुष्य येतो, आणि तो गोव्यांतून येतो. फेर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई आदिलशाही सरदार रसूलखानास जाऊन मिळाला होता. १५१२ मध्यें बाणस्तारीचा किल्ला आल्बुकेर्कच्या स्वाधीन झाल्यावर फितुरांस शासन झालें. लोपिशचे नाक, कान, उजवा हात व डाव्या हाताचा आंगठा तोडण्यांत आला. पोर्तुगालास परत जातांना तो वाटेंत सेंट हेलेना येथें उतरून राहिला, आणि मध्यें एकदां युरोपांत जाऊन आला तें सोडल्यास मरेपर्यंत तेथेंच राहिला. बेटाचा पहिला रहिवासी तो हाच. पोर्तुगीज बखरकार त्याच्या बागाईतीचें व जनावरांचें वर्णन करतात. शेळ्या, डुकरें, फळझाडें हीं येणाऱ्या जाणाऱ्या जहाजांस ताजें अन्न मिळावें म्हणून बेटावर मुद्दाम वाढविलीं गेलीं. शेळी या बेटावर पोहत आली नाहीं. ती बेगमी म्हणून आणली गेली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १६५९ पासून बेट इंग्रज कंपनीच्या ताब्यांत होतें. वॉलेस स्वतःच सांगतो कीं, लाल लाकडाच्या व एबनीच्या झाडांची साल कातडें कमावण्यासाठीं सोलीत आणि उरलेलें झाड तसेंच कुजूं देत. तटबंदीचा चुना भाजण्यासाठीं एबनीचें सरपण केलें गेलें. अरण्य गेलें तर पावसानें माती वाहून जाईल, हें बेटावरील अधिकाऱ्यांस स्पष्ट दिसत होतें, हेंही तो मेलिसनें दिलेल्या उताऱ्यांवरून दाखवितो. शेळ्या माराव्या अशी शिफारस कंपनीच्या संचालकांकडे गेली असतां, एबनीपेक्षां शेळ्यांचें मोल अधिक, सबब त्या मारूं नयेत, असें उत्तर आलें. इतकें सगळें देऊन वॉलेस निष्कर्ष काढतो तो असा कीं, सत्ताधाऱ्यांच्या घोर अज्ञानामुळें वनसंपत्ति वांचविण्याची शेवटची संधि गेली.

येथें आमचा वॉलेसशीं मतभेद आहे. ज्या प्रकरणांत परिणाम आधीं ओळखला गेला, तो लेखीं कळविला गेला, कळविलेला मजकूर वाचला गेला आणि दोन वस्तूंच्या किंमतींची तुलना करून उत्तर दिलें गेलें, त्या प्रकरणास अज्ञान हा शब्द लागू कसा पडतो? बेटावरील अधिकारी जाणते व लंडनमधील संचालक अजाण, असा बचाव कोणी करील. पण जाणत्यांनीं कळविल्यावर न कळविल्याचा आसरा उरत नाहीं. शिवाय डार्विननें दिलेला १७३१ चा हुकूम पाहतां शेळ्या माराव्या कीं राखाव्या हा प्रश्न राज्यकर्त्यांसमोर होता आणि त्याचें उत्तर वेळोवेळीं बदललें, एवढें निश्चित होतें. हें धोरण आहे. तें चुकीचें असेल, आपमतलबी असेल. अजाणतेपणीं घडलेलें मात्र नाहीं.

व्याकरणाच्या परिभाषेनें हाच मुद्दा अधिक स्पष्ट होईल. पाणिनीनें क्रियेमध्यें जो स्वतंत्र असतो त्यास कर्ता म्हटलें आहे, आणि क्रिया सिद्ध करण्यास जें अत्यंत उपकारक त्यास करण म्हटलें आहे. कुऱ्हाडीनें झाड तोडलें येथें कुऱ्हाड करण होय. वक्त्याची इच्छा असेल तर तो 'ही कुऱ्हाड छान तोडते' असेंही म्हणूं शकतो, आणि वैयाकरण त्यास दोष देत नाहींत. कारण कारकांची योजना वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असते. 'शेळ्यांनीं अरण्य खाल्लें' हें वाक्य याच जातीचें आहे. व्याकरणदृष्ट्या तें शुद्ध आहे. परंतु इतिहासास विवक्षेचें स्वातंत्र्य नाहीं. ज्यानें शेळी आणली, ती राखण्याचा हुकूम दिला आणि तिच्या मोलाचा ठोका बसविला, तो स्वतंत्र. शेळी त्याच्या हातची कुऱ्हाड.

येथपर्यंत आम्हीं अरण्यासंबंधीं बोललों. आतां ऑलिव्हकडे परत येऊं, म्हणजे या कथेची खरी कसोटी लागेल. शेळ्यांच्या प्रकरणांत जीं झाडें नांवानिशीं येतात तीं लाल लाकडाचीं व एबनीचीं. आणि जें मोठें रान नष्ट झाल्याचा शोक दप्तरांत आहे तें मुख्यतः गमवूड नांवाच्या झाडांचें, बेटाच्या पूर्वेकडील कमी उंचीच्या भागांतलें. डोंगरमाथ्यावरील ऑलिव्ह त्या साक्षींत कोठें नाहीं. एका वृक्षाविषयींचा पुरावा दुसऱ्याच्या खुनासाठीं वापरणें कोणत्याही न्यायसभेंत चालणार नाहीं. शेळ्यांचा उपद्रव वर मुळींच पोंचला नसेल असें आमचें म्हणणें नाहीं. गायरानासाठीं व लाकडासाठीं वरचें रानही आकसत गेलें होतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ऑलिव्हचा शेवट लागला तो या सुप्रसिद्ध साक्षीनंतर. आणि ज्या काळांत लागला तो काळ शेळ्यांचा नव्हता.

१८७५ मध्यें मेलिसनें डायना शिखराच्या उत्तर अंगास ऑलिव्हचीं बारा ते पंधरा झाडें उरल्याचें नमूद केलें. हा आंकडा छापून निघाला. पांच वर्षांनीं ज्या वॉलेसनें शेवटची संधि दीडशें वर्षांपूर्वीं गेली असें लिहिलें, त्याच्यापुढें मेलिसचा हाच ग्रंथ उघडा होता. म्हणजे शास्त्रांत नांव मिळालेला, स्वतंत्र गण म्हणून मान्यता पावलेला, जागा सांगून मोजलेला असा हा वृक्ष त्या वेळीं जिवंत होता. यापुढें घडलें तें असें. न्यूझीलंडांतून आणलेली, आपल्याकडील घायपाताप्रमाणें वाख देणारी फ्लॅक्स नांवाची वनस्पति १८७४ मध्यें बेटावर लागवडीस घेतली गेली. तो पहिला प्रयत्न फसला. १९०७ मध्यें सरकारी प्रोत्साहनानें तो धंदा पुन्हां उभारला गेला, आणि १९६६ मध्यें बंद पडेपर्यंत तेंच बेटाचें मुख्य पीक होतें. सुतळी व दोर यांसाठीं डोंगराचे ओलसर उतार फ्लॅक्सनें भरून गेले. तिचे दाट, उंच गड्डे एकदां माजले म्हणजे खालीं दुसरें रोप उगवूं देत नाहींत. आणि लागवड थांबली तरी ती आपोआप पसरतच राहते. ज्या कण्यावर ऑलिव्हचा आसरा होता, तो कणाच असा परक्या पातीनें वेढला गेला. ही कामगिरी शेळीची नव्हे.

या वृक्षाच्या ठायीं एक अडचण त्याच्या स्वभावाचीही होती. तो बहुतांशीं स्वतःचा किंवा निकटच्या आप्ताचा पराग स्वीकारीत नसे. सगोत्र विवाहाचा निषेध जणूं त्याच्या प्रकृतींतच होता. झाडें पुष्कळ असतां हा नियम वंशाचें बळ वाढवितो. तींच बारा-पंधरा उरलीं, त्यांतही आप्तच राहिलीं, म्हणजे तोच नियम वंशावर उलटतो. एकेक झाड उभें असतां, फुलत असतां, बीज धरीत नाहीं. म्हणून अशा वृक्षाचा उच्छेद शेवटचें झाड पडतें त्या दिवशीं होत नाहीं. परस्परांस उपयोगी पडतील इतकीं झाडें ज्या दिवशीं उरत नाहींत त्या दिवशीं तो ठरून जातो.

येथें उच्छेदाच्या सालाचा प्रश्न येतो. एखादी वस्तु दिसली नाहीं एवढ्यावरून ती नाहीं असें ठरत नाहीं. मीमांसकांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें, पण तिला अट घातली कीं, ती वस्तु असती तर दिसलीच असती अशी परिस्थिति पाहिजे. अंधारांत घागर दिसली नाहीं म्हणून घागर नाहीं असें म्हणतां येत नाहीं. सेंट हेलेनाच्या वृक्षांविषयीं हा नियम किती वेळां मोडला गेला हें पाहण्यासारखें आहे. एबनी शंभर वर्षांवर नष्ट समजली जात होती. १९८० मध्यें एका कड्यावर तिचीं दोन झुडपें जॉर्ज बेंजामिन यांना व क्वेंटिन क्रॉंक यांना आढळलीं, आणि त्यांच्या कलमांपासून पुढें हजारों रोपें झालीं. इतकेंच नव्हे, तर एबनी या एका नांवाखालीं दोन वेगळ्या जाती मोडत होत्या, हें क्रॉंक यांनीं १९९५ मध्यें दाखवून सांपडलेल्या जातीस नवें नांव दिलें. दुसरी, बुटकी एबनी, मात्र खरोखरच गेली. तेव्हां जुन्या दप्तरांत एबनी हा शब्द वाचतांना तो कोणत्या झाडाविषयीं आहे, हाही प्रश्न यापुढें विचारावा लागेल.

ऑलिव्हही असाच नष्ट समजला गेला होता. १९७७ मध्यें बेंजामिन यांनाच त्याचें एक झाड जिवंत सांपडलें. त्यापासून कलमें करण्याचे व बीज धरविण्याचे प्रयत्न नेटानें झाले. अगदीं थोडीं रोपें हातीं लागलीं. रानांतलें तें झाड १९९४ मध्यें मेलें. बागेंत जपलेल्या रोपांस बुरशीच्या रोगांनीं गांठलें, आणि शेवटचें रोप २००३ मध्यें गेलें. या वेळची अनुपलब्धि मात्र मीमांसकांच्या अटीस उतरते. कारण तें रोप माणसांच्या डोळ्यांदेखत, देखरेखीखालीं मेलें. आतां वनस्पतिसंग्रहांतील वाळलेले नमुने तेवढे उरले आहेत.

यावर पूर्वपक्ष असा येईल कीं, शेळ्या, सालसोले व लांकूडतोडे यांनीं आधींच इतका संहार केला होता कीं १८७५ नंतरचा काळ म्हणजे केवळ उत्तरक्रिया होय. या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. बारा-पंधरा झाडांवर वंश येऊन ठेपला हा दोष पूर्वींच्या शतकांचा, यांत संशय नाहीं. परंतु एबनीचें उदाहरण या पूर्वपक्षास पुरतें उतरूं देत नाहीं. दोन झुडपांपासून एक जाति परत उभी राहूं शकली. ऑलिव्हचा स्वभाव अधिक कठीण होता हें खरें. पण त्याच्यापाशीं १८७५ मध्यें दोन नव्हे, बारा-पंधरा झाडें होतीं, आणि ती गोष्ट ग्रंथांत छापलेली होती. त्या झाडांचें बी गोळा करून जपण्याचा निकराचा यत्न झाला तो एकच झाड उरल्यावर.

आमचा निष्कर्ष असा. सेंट हेलेनाच्या खालच्या रानाच्या नाशांत शेळ्यांचा हात मोठा होता हें मान्य करावें. पण तो हात होता, बुद्धि नव्हती. ऑलिव्हच्या बाबतींत तर ती साक्ष अप्रस्तुत आहे. तो वृक्ष अज्ञानाच्या युगांत गेला नाहीं. त्यास नांव देणारे, त्याचें कुल लावणारे, त्याचीं झाडें मोजणारे विद्वान होऊन गेल्यावर, त्यांचे ग्रंथ कपाटांत असतांना तो गेला. वॉलेसच्या ग्रंथाचें थोरपण यानें उणें होत नाहीं. द्वीपसृष्टीवर लिहिणाऱ्या प्रत्येकास तो वाचावाच लागेल. मात्र 'शेवटची संधि' या त्याच्या शब्दांपाशीं वाचकानें थांबावें. तें वाक्य लिहिलें गेल्यावर एकशें तेवीस वर्षें तो वंश जिवंत होता. जिवंत असलेल्याच्या नांवें पाणी सोडलें म्हणजे त्याची शुश्रूषा करण्याचें कारण उरत नाहीं. म्हणून उच्छेदाचें साल लिहितांना लेखणीनें घाई करूं नये, आणि कर्त्याचें नांव लिहितांना जो प्राणी उत्तर देऊं शकत नाहीं त्याचें नांव सोईसाठीं घालूं नये, एवढी सूचना करून हें परीक्षण आम्ही पुरें करतों.